कात्रीकाकांची मधली सुट्टी

कात्रीकाकांनी विमेवाल्याचा कान कापला, ही बातमी सकाळी दहाला गल्लीच्या तोंडाशी जन्मली आणि सव्वादहाला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा दोन्ही कान गेले होते. इस्त्रीवाल्याने म्हणे रक्त पाहिलं. पोस्टातल्या बाईंनी किंकाळी ऐकली. औषधाच्या दुकानदाराने तर कापसाचा गठ्ठा हाताशी काढून ठेवला, न जाणो गिऱ्हाईक आलंच तर.

खोटं कशाला बोला, कान शाबूत होते. अगदी जोडीने. गेला होता तो डावा कल्ला. म्हणजे उजवा कल्ला कानाच्या पाळीपर्यंत रुबाबात उतरलेला आणि डावा कानाच्या माथ्यावरच थबकलेला, जणू पुढे यायला घाबरतोय. आणि किंकाळी खरी होती, पण विमेवाल्याची नव्हे. ती त्याच्या बायकोची. तिने दार उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, याचं डोकंच कुणीतरी वाकडं बसवलंय.

पण गल्लीला प्रश्न पडला तो वेगळाच. कात्रीकाकांच्या हातून असं होतंच कसं? ज्यांनी कल्ला धरला की पट्टी ठेवून बघून घ्यावं, ते काका? ज्यांच्या दुकानातून उठलेला माणूस थेट पाहुण्यांसमोर उभा करावा, ते काका? याचं उत्तर गल्लीला ठाऊक होतं आणि ती ते कुजबुजत सांगत होती: "सिगारेट सोडलीय ना त्यांनी."

काकांचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, काचेचं दार, दारासमोरच्या भिंतीवर भला मोठा आरसा आणि आरशाखाली लांब लाकडी फळी. फळीवर तुरटी, कंगवे, पाण्याचा फवारा आणि मानेवरचे केस झटकायचा गोल मुठीचा ब्रश. वर घर. दुकानाची फरशी वडिलांनी उजव्या हाताच्या मोरीकडे उतरती करून घेतलेली, बादली ओतली की पाणी आपलं आपण चालू पडावं म्हणून. ते वडील मोठे हिशेबी गृहस्थ. आरशाखालची फळीसुद्धा त्यांनी फरशीपासून वितीने मोजून स्वतः ठोकली होती. तिच्यावर ब्रश ठेवावा डावीकडे आणि शोधावा उजवीकडे, हे काकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही विशेष आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. काकू झाडायला खाली आल्या की म्हणायच्या, "अहो, वस्तू जागच्या जागी ठेवत जा." काका म्हणायचे, "ठेवतो गं, तीच राहत नाही."

आणि त्या दुकानाचा एक शिरस्ता होता. केस अर्धे कापून झाले की काका कात्री खिशात टाकत, ब्रश गिऱ्हाइकाच्या हातात देत आणि म्हणत, "धरा जरा." मग दार ढकलून पायरीवर जात, सिगारेट पेटवत आणि काचेतून आत बघत धूर सोडत. गिऱ्हाईक अर्धवट डोक्याने, ब्रश राजदंडासारखा धरून बसलेलं. पाच मिनिटांनी काका परत येत, इकडे एक चिमूट, तिकडे एक चिमूट कात्री चालवत, आणि डोकं चोख होऊन जाई.

सगळ्यांना खात्री होती की जादू त्या धुरात आहे. काकांनाही होती. "दम मारला की हात बसतो," असं ते सांगत, आणि तीस वर्षं सांगितलेलं स्वतःलाही पटतंच.

या प्रकाराला नाव दिलं होतं हेडसरांनी. हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, काकांचं पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. दर चार दिवसांनी दाढी, दर तीन आठवड्यांनी केस, आणि दोन्ही वेळेला जगाच्या कारभारावर तक्रारी. काकांनी दार ढकललं की हेडसर आरशातून म्हणत, "झाली का तुझी मधली सुट्टी? घंटा कोण वाजवणार, मी?" सगळी गल्ली हेडसरांना वचकून, त्यांची हनुवटी दोन बोटांत धरून "गप्प बसा, वस्तरा चालू आहे" म्हणण्याची हिंमत एकट्या काकांची. असली मैत्री लग्नातसुद्धा सहज सापडत नाही.

आणि हेच हेडसर एक दिवस यायचे बंद झाले.

पहिले चार दिवस काकांनी समजूत घातली, गावाला गेले असतील. आठव्या दिवशी हेडसर रस्त्याने गेले ते गुळगुळीत दाढी करून. काका पायरीवर उभे होते. हेडसरांनी एकदम आकाशाकडे बघितलं, जसं काही तिथे तपासायला वह्या ठेवल्यात. दाढी कुठली ते काकांना लांबूनच कळलं. नाक्यावर जे नवं थंडगार सलून निघालं होतं, तिथली. गालावरची चकाकीच सांगत होती.

"तीस वर्षं," काका जेवताना म्हणाले, "तीस वर्षं त्या माणसाचा गळा माझ्या वस्तऱ्याखाली होता. एकदा ओरखडा नाही. आणि आता त्याला थंड हवा पाहिजे!"

काकूंनी भाजी वाढता वाढता सहज विचारलं, "कारण सांगू, की उपाशीपोटी नको?"

"तुला माहितीय?"

"गल्लीला माहितीय. तुम्हालाच नाही. त्यांच्या छातीचं दुखणं निघालंय. धाप लागते. डॉक्टरांनी सांगितलंय, धुराच्या जवळपास फिरकायचं नाही. त्यांच्या घरच्या हेडबाईच सांगत होत्या. ते तिकडे खुशीने नाही जात. तिथला पोरगा गाणी लावतो म्हणून घरी येऊन चिडचिड करतात."

"मग मी काय त्यांच्या तोंडावर धूर सोडतो? बाहेर जाऊन ओढतो मी!"

काकूंनी चमचा खाली ठेवला. "अहो, धूर बाहेर राहतो. बोटं आत येतात. मिशी कातरताना तुमची दोन बोटं माणसाच्या नाकाखाली असतात. त्या बोटांत तीस वर्षांची राख मुरलीय. शर्टाला वास, श्वासाला वास. ते बिचारे श्वास धरून बसायचे तुमच्यापुढे. आता धरवत नाही, म्हणून गेले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाहीत."

काकांनी आपली दोन बोटं नाकाशी नेली. त्यांना काहीच वास आला नाही. "वास नाही येत," ते म्हणाले.

"तेच तर," काकू म्हणाल्या, "नाकही तिनेच खाल्लं."

त्या दिवशी वर जाताना बावीस पायऱ्यांपैकी बाराव्या पायरीवर काका नेहमीसारखे थांबले. तिथे ते रोज थांबत आणि कुणी विचारलं तर "विचार करतोय" म्हणत. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा खरोखरच विचार केला.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यातल्या तंबाखू सोडवण्याच्या केंद्रात जाऊन बसले. तिथल्या ताई त्यांच्या मुलीच्या वयाच्या, पण आवाज हेडसरांच्या पठडीतला. त्यांनी आठवडाभर वही लिहायला लावली: प्रत्येक सिगारेट कधी ओढली आणि का. काकांनी इमानदारीने लिहिलं. 'का'च्या रकान्यात कुठे 'चहा झाला', कुठे 'गिऱ्हाईक नव्हतं', कुठे 'गिऱ्हाइकं फार होती', आणि एके ठिकाणी 'ही वही लिहून डोकं उठलं म्हणून'.

"यातली सगळ्यात अवघड कुठली वाटते?" ताईंनी विचारलं.

"मधली," काका म्हणाले. "केस अर्धे झाले की."

"कुठे ओढता?"

"पायरीवर."

"मग सुरुवातीचे काही दिवस ती पायरीच टाळायची. जागा दिसली की मन मागायला लागतं. तलफ आली तरी ती पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, हात कामात ठेवा." आणि त्यांनी निकोटिनचं च्युइंगम दिलं. ते कसं खायचं हेही समजावलं: हळू चावायचं, तोंडात झिणझिणलं की गालात ठेवून द्यायचं, मग पुन्हा चावायचं.

काकांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसऱ्याच्या आत घरी पोचले. त्यांनी ते च्युइंगम असं चावलं की जसं काही मागचं वैर आहे. परिणामी उचक्या लागल्या. आणि त्या लागल्या कधी, तर हातात वस्तरा आणि वस्तऱ्याखाली बँकेतल्या कॅशियरची मान.

"हिक्!"

कॅशियर खुर्चीतून उठला तो फेसासकट, गळ्यातल्या कापडासकट, रस्त्यावर. त्याला परत आणायला काकांना गल्लीच्या वळणापर्यंत जावं लागलं. "अहो, वस्तरा ठेवलाय मी खाली!" "उचकी ठेवा खाली!" तो पळता पळता ओरडत होता. ताईंना फोन केला तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "काका, गालात ठेवायचं म्हटलं होतं ना?"

नवव्या दिवशी काका घसरले. विजेचं काम करायला आलेल्याकडून एक घेतली आणि मोरीत उभं राहून अर्धी ओढली. मग स्वतःच इतके ओशाळले की काकूंना सांगायच्या आधी ताईंना सांगितलं. "संपलं सगळं," ते म्हणाले. ताई म्हणाल्या, "काही संपलं नाही. ठेच लागली म्हणून कुणी चालणं सोडतं का? उरलेली अर्धी फेकलीत ना? मग आज नववाच दिवस आहे. उद्या दहावा." काकांना हा हिशेब फार आवडला.

आणि पायरी टाळण्याचा नियम त्यांनी असा पाळला की गिऱ्हाईक बसलं की दाराला आतून आडवं स्टूलच लावून टाकत. मधली सुट्टी रद्द. केस एका दमात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. काका खूश, आपण किती वेळ वाचवतो म्हणून.

मग सुरू झाले कल्ले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. एखादा माणूस घरी आरशासमोर मान तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, आपलीच मान अवघडली असेल. सगळ्यात आधी संशय आला कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला. तो ओळखपत्रांचे फोटो काढतो. एक दिवस तो दुकानात आला आणि काकांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमच्याकडे मान धरण्याची काही साथ आहे का?"

"का रे बाबा?"

"तुमचं गिऱ्हाईक आलं की मला फ्रेममध्ये तिरकं दिसतं. मी म्हणतो, साहेब, मान जरा डावीकडे... हां, आता सरळ! घरी जाऊन बघतो तर कल्ले सरळ आणि माणूस कललेला. चार जणांचे फोटो कचेरीतून परत आलेत. शेरा काय, तर 'अर्जदाराने सरळ बसावे'."

काकांनी त्याला हाकलला, पण पुढच्या गिऱ्हाइकापासून प्रत्येक कल्ला दोनदोनदा बघायला लागले. त्यानंतर तीनच दिवसांनी विमेवाल्याचं प्रकरण झालं. त्याचा डावा कल्ला जास्तच गेला, कारण काकांनी शंका येऊन तो सरळ करायला घेतला होता. सरळ करता करता वर, आणखी वर, असं करत तो कानामागे जायच्या बेतात होता.

दुपारी विमेवाला शिष्टमंडळ घेऊन आला: तो, कॅशियर आणि फोटोवाला. तिघांच्याही डोक्याचा कल एकाच बाजूला.

"काका," विमेवाला हात जोडून म्हणाला, "तुमच्या तब्येतीची काळजी आम्हाला आहेच. तो तर माझा धंदाच आहे. पण आमचंही काही तोंड आहे. लोकांसमोर जायचं असतं. तुम्ही दिवसभर नका ओढू. फक्त कापताना ओढा."

"गल्लीच्या भल्यासाठी ओढा," कॅशियर म्हणाला.

"चला, चालते व्हा!" काकू जिन्यावरून कडाडल्या. "माणूस बाराव्या पायरीवर थांबायचा बंद झालाय माझा! तुमच्या कल्ल्यांपायी त्याला परत धूर पाजू? इतकं असेल तर फेटे बांधा!"

शिष्टमंडळ पळालं. पण पळताना विमेवाल्याने काकांच्या खिशात एक सिगारेट सारली, देणगी म्हणून. काकांनी ती काढून फेकायला हवी होती. फेकली नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना वाटलं, खरंच असेल का? हात आपला नव्हताच का कधी? सगळं कसब तिचंच होतं?

आणि नेमके दुसऱ्याच दिवशी हेडसर आले.

दार उघडून ते उंबऱ्यात थांबले. शाळेत वर्गात शिरताना थांबत तसेच. नाक वर करून त्यांनी हवा हुंगली. तुरटी, साबण, पावडर. दुसरं काही नाही.

"किती दिवस?"

"बावीस," काका म्हणाले.

हेडसर खुर्चीवर बसले. "गाणी नाही लावत ना अजून?"

"छे!"

"मग कर सुरू. आणि नीट कर. परवा शाळेत जायचंय, जुनी मुलं भेटायला बोलावतायत. ती मला नखशिखांत तपासतील. मी त्यांचं आयुष्यभर तेच केलं."

काकांनी कापड बांधलं. मिशी कातरताना दोन बोटं हेडसरांच्या नाकाखाली गेली तेव्हा ते आरशात बघत राहिले. हेडसर श्वास घेत होते. अगदी संथ, सवडीने. काकांना वाटलं, बावीस दिवसांचं बक्षीस मिळालं.

पण कल्ले सुरू झाले आणि कात्री थांबली. फळीकडे बघून लावलेली रेघ, फळीला अगदी समांतर. बरोबर आहे? की विमेवाल्यासारखीच आहे? हा माणूस आज वाकडा होऊन गेला, तर परत कशाला येईल? तोंडाने बोलणारही नाही, पुन्हा आकाशात बघत जाईल. खिशातली सिगारेट छातीला टोचायला लागली. एकच. एकदा हात बसेपर्यंत. या माणसासाठीच तर.

त्यांनी ब्रश हेडसरांच्या हातात दिला. "धरा जरा."

स्टूल सरकलं. दार उघडलं.  आज घंटेची चौकशी झाली नाही.

पायरीवर येऊन काकांनी सिगारेट ओठांत धरली, काडेपेटी काढली आणि तीस वर्षांच्या सवयीने काचेतून आत पाहिलं. आरशात हेडसर त्यांच्याकडेच बघत होते. रागाने नव्हे. दिवस संपल्यावर हजेरीपट मिटावा, तसा त्यांनी हळूच ब्रश फळीवर ठेवला आणि मानेमागची गाठ सोडायला हात नेले.

ब्रश गडगडला. फळीच्या डावीकडून निघाला तो थेट उजव्या टोकाला जाऊन थांबला.

काकांची काडी हातातच राहिली. दाराची चौकट सरळ. चौकटीत हेडसरांचं डोकं सरळ. आणि खाली फळी, अशी मोरीकडे उतरलेली, जशी वडिलांनी त्या उतरत्या फरशीवरून वितीने मोजून ठोकली होती. आणि त्या फळीला इमानाने समांतर धरलेले दोन कल्ले. डावा वर. बोटभर नाही, पण करंगळीच्या नखाइतका नक्की.

"उठू नका!" काका दार ढकलून आत धावले. "हेडसर, उठू नका! सापडलं!"

"काय सापडलं? आणि तोंडातली ती?"

काकांनी तोंडाला हात लावला. सिगारेट होती. कोरी.

"पेटवली नाहीस?"

"विसरलो," काका म्हणाले, आणि म्हणता म्हणता स्वतःच थक्क झाले. त्यांनी ती दाढीच्या पाण्याच्या वाटीत बुडवली, कात्री उचलली, उजव्या कल्ल्याला एक चिमूट दिली, बाहेर जाऊन बघितलं, आत येऊन अर्धी चिमूट दिली, पुन्हा बाहेर जाऊन बघितलं. हेडसरांचे कल्ले वहीच्या समासासारखे उतरले.

"म्हणजे तीस वर्षं," काका कापड झटकत म्हणाले, "पायरीवरून चौकटीकडे बघून कल्ले सरळ करायचं काम माझे डोळे करत होते, आणि शाबासकी ती बया खात होती!"

ताईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की आता पायरीवर जायला हरकत नाही, फक्त हातात दुसरं काहीतरी असू द्या. म्हणून आता काका पाण्याचा पेला घेऊन जातात. केस अर्धे झाले की ब्रश गिऱ्हाइकाला, पेला स्वतःला. पायरीवर उभं राहून घोट घोट पाणी पितात आणि एक डोळा मिटून आत बघतात. नवख्याला वाटतं, या माणसाला स्वतःच्या दुकानात जायची भीती वाटते की काय. इस्त्रीवाल्याने तर काकूंनी घराबाहेर काढल्याची बातमीही फिरवून पाहिली. विमेवाल्याचा कल्ला परत आला, शिष्टमंडळाच्या माना सरळ झाल्या आणि फोटोवाल्याने कचेरीतून परत आलेले चारही फोटो फुकट पुन्हा काढून दिले.

हेडसर शाळेत जाऊन आले. मुलांनी तपासलं, चूक सापडली नाही. पण शिक्षकाचा जीव, कारण सापडलं की उपाय केल्याशिवाय राहवेल कसं? पुढच्या खेपेला ते खिशातून लाकडाचा एक तुकडा घेऊन आले. जुन्या फूटपट्टीचा, घासून घासून पाचर केलेला.

"हे घे," खुर्चीवर बसता बसता ते म्हणाले. "फळीच्या उजव्या टोकाखाली ठोक. मी कोन काढून आणलाय. फळी सरळ झाली की रेघ आतूनच सरळ येईल. तुला मध्येच बाहेर पळायची गरजच नाही."

काकांनी पाचर हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, कामाची वाखाणणी केली आणि काचेच्या दाराखाली सारली, वाऱ्याने आपटू नये म्हणून. मग ब्रश हेडसरांच्या हातात दिला आणि पाण्याचा पेला उचलला.

"हेडसर, मी सिगारेट सोडलीय. मधली सुट्टी नाही."